जाड शरीर, मोठी फळी आणि कमरेएवढे पाणी

या पानावर आम्ही नेहमी साखर, रक्तदाब, रक्तक्षय आणि गुडघे यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा वाटेल, पण शरीरे तीच आहेत. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर स्वार होणे, म्हणजे सर्फिंग. टीव्हीवर हा खेळ दिसतो तेव्हा त्यात पंचविशीतली सडपातळ पोरे असतात. त्यामुळे चाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेली, जिना चढताना दम लागणारी आपली बाई किंवा गडी तिकडे बघून चॅनल बदलतो. आमच्या आरोग्य गटातल्या आम्ही सहाजणींनी गेल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर तयारी केली आणि जानेवारीत गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर चार दिवस हा खेळ शिकलो. वये ३८ ते ५२. वजने ७२ ते ९६ किलो. दोघींना मधुमेह, तिघींना रक्तदाब. गुडघे कुरकुरत नाहीत अशी एकही नाही. तिथे जे कळले ते धडा म्हणून लिहीत आहोत. ज्यांना समुद्र गाठता येणार नाही, त्यांना यातली निम्मी माहिती नगरपालिकेच्या तलावावरही उपयोगी पडेल.

सुरुवातीला एका शिकवणी केंद्राला फोन केला. आमची वजने ऐकून पलीकडून उत्तर आले, "आधी दहा-दहा किलो कमी करा, मग या." हे वाक्य आमच्या ओळखीचे आहे. दवाखान्यात, व्यायामशाळेत, लग्नाच्या बैठकीत ते ऐकू येते. आमच्यातल्या दोघी नर्स आहेत. वॉर्डातल्या अनुभवावरून सांगतो, ज्या बाईला 'बारीक होऊन ये' असे सांगितले जाते, ती सहसा परत येत नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. त्या मापाने आमच्या वस्तीतल्या किती बायका किनाऱ्याबाहेर राहतील याचा हिशेब करा. आधी पात्र व्हा, मग पाण्यात या, हा न्याय आपल्या लोकांना तरी कोणी नव्याने शिकवायला नको. दुसऱ्या केंद्राने वजनासोबत उंची विचारली, पोहता येते का विचारले, औषधे कोणती चालू आहेत ते विचारले. आम्ही तिकडे गेलो. फोनवर तुम्हालाही हेच प्रश्न विचारले जातात का, ते बघा. केंद्र चांगले की वाईट, हे तिथेच निम्मे कळते.

पोहण्याचा प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि तो आपल्याकडे साधा नाही. खेड्यातली पोरे विहिरीत पोहायला शिकायची. पाठीला सुक्या भोपळ्यांची जोडी नाही तर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचे. पण ज्या विहिरीवर आपल्याला घागरही बुडवता येत नव्हती, तिथे पोहणार कुठून? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आमच्या सहाजणींपैकी एकीच्याही आईला पोहता येत नव्हते. पाण्याची भीती ही आपल्या रक्तातली भित्री खोड नाही. ती पाण्यापासून लांब ठेवल्याची खूण आहे, आणि सरावाने ती जाते.

त्या पांगाऱ्यावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सर्फिंगचे माहेर हवाई बेटे. तिथले सरदार ज्या लांबलचक फळ्या वापरत, त्या विलीविली नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असत, आणि विलीविली हा आपल्या पांगाऱ्याचाच भाऊबंद, एकाच वनस्पती-प्रजातीतला. लाकूड हलके, म्हणून तिथेही माणूस तरला आणि इथेही. पण त्या लांब फळ्या फक्त वरच्या कुळांसाठी होत्या. सामान्यांनी आखूड फळ्यांवर भागवायचे. काही ठिकाणच्या लाटासुद्धा सरदारांसाठी राखीव असत. या साऱ्या नियमांना 'कापू' म्हणत. बायकांनी पुरुषांसोबत जेवायचे नाही, डुकराचे मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायची नाहीत, मोडले तर देहदंड. काआहुमानू नावाची राणी होती. उंच, अतिशय भरदार देहाची, आणि लाटेवर स्वार होण्यात तरबेज. नवरा वारल्यावर १८१९ मध्ये ती राज्यकारभारात भागीदार झाली आणि त्याच वर्षी तिने व राजाच्या आईने तरुण राजाला बायकांच्या पंगतीत बसून जेवायला लावले. कापू तिथून मोडला. ती स्वतः सरदार घराण्यातली होती, हे विसरायचे कारण नाही. पण हा खेळ जिथला आहे, तिथे जाड बाई लाटेवर असणे ही हसण्याची गोष्ट नव्हती, एवढे आमच्या कामाचे आहे.

आता शरीराकडे वळू. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. एक लिटर चरबीचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, तर समुद्राच्या एक लिटर पाण्याचे सुमारे १,०२५ ग्रॅम. म्हणून जाड माणूस सडपातळ माणसापेक्षा सहज तरंगतो. पाण्यात गुडघ्यावरचा भारही घटतो. छातीएवढ्या पाण्यात उभे राहिलात तर पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. वजन आडवे येते ते दोन ठिकाणी. एक, फळी लहान असेल तर. दोन, पालथे पडलेल्या अवस्थेतून उभे राहताना.

फळीचे आधी. फळी किती तारते हे तिच्या घनफळावर ठरते आणि ते लिटरमध्ये सांगतात. चित्रपटातल्या टोकदार आखूड फळ्या साधारण २५ ते ३५ लिटरच्या असतात. त्या मुरलेल्यांच्या. नवशिक्या माणसाने निदान आपल्या वजनाच्या आकड्याइतके लिटर धरावेत, दम कमी असेल तर त्याहून थोडे जास्त. म्हणजे ८५ किलोच्या बाईला ८५ ते १०० लिटरची फळी. ती साधारण नऊ फूट लांब, दोन फूट रुंद आणि जाडजूड असते. वरून फोमची, मऊ असावी, म्हणजे डोक्याला लागली तरी इजा कमी होते. शिकवणारा सात फुटांची देऊ लागला तर नको म्हणा. आमच्यातल्या अंगणवाडी सेविकेला, वजन ९१ किलो, पहिल्या दिवशी लहान फळी मिळाली. फळी पाण्याखाली जाई, लाट वरून निघून जाई, आणि बाईला वाटे आपलेच चुकते आहे. दुसऱ्या दिवशी मोठी फळी मिळाली आणि तिसऱ्याच लाटेने तिला पालथी असतानाच थेट वाळूपर्यंत नेले. ती बराच वेळ तिथेच पडून हसत होती.

फळीवर कुठे झोपायचे, हे पोटावर अवलंबून असते. पायाची बोटे शेपटाकडे आणि फळीचे नाक पाण्यापासून तीन-चार बोटे वर, असे जमवा. फार पुढे सरकलात तर नाक पाण्यात घुसून तुम्ही डोक्यावरून पलटी खाल. फार मागे असाल तर फळी रेडा चिखलात बसावा तशी जागीच राहील. छाती आणि पोट भारी असलेल्या शरीराचा तोल थोडा वेगळा असतो. म्हणून सडपातळ सोबतिणीची नक्कल करू नका, फळीच्या नाकाकडे बघा. जागा सापडली की फळीवर हनुवटीखाली खडूने खूण करून घ्या.

उभे राहणे हा खरा डोंगर. शिकवणारी पोरे एका उडीत पालथ्याची उभी राहतात. ते बघून घाबरू नका, आपण टप्प्याने उठायचे. तळवे बरगड्यांजवळ फळीवर सपाट ठेवा, कडा धरू नका, कडा धरली की फळी कलते. हात सरळ करत गुडघ्यांवर या. मग एक पाऊल दोन हातांच्या मध्ये आणा. इथे पोट आडवे येते आणि पाऊल अर्ध्यावर अडते. उपाय असा, की गुडघा सरळ छातीकडे न आणता बाहेरच्या बाजूने फिरवून आणायचा, आणि त्या क्षणी भार दुसऱ्या बाजूच्या हातावर टाकायचा. मग मागचे पाऊल टेका. पूर्ण ताठ होऊ नका, गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्याकडे. पायाकडे बघितले की पडलेच म्हणून समजा.

हे समुद्रावर जाऊन शिकायचे नाही, घरी शिकायचे. सतरंजी अंथरा, दोन फूट रुंदीच्या दोन रेघा आखा आणि त्यांच्या आत रोज दहा वेळा उठा. आपली ताकद कुठे आहे ते ओळखायची एक सोपी खूण आहे. विहारात वंदना झाल्यावर सतरंजीवरून उठताना तुम्ही काय करता? शेजारणीचा खांदा धरता, भिंत धरता, की एक हात टेकून उठता? एक हात टेकून उठता येत असेल तर सहा आठवड्यांची तयारी पुरते. खांदा धरावा लागत असेल तर दहा-बारा आठवडे द्या.

तयारी साधी आहे. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे, दिवसातून दोनदा. भिंतीला हात लावून दंड, ते जमले की स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावून. पालथे झोपून फक्त छाती थोडी उचलायची, पंधरा सेकंद थांबायचे, खाली यायचे. आणि चालणे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, रोज अर्धा तास. आमच्या गटात या काळात वजन कोणाचे दोन किलो उतरले, कोणाचे अजिबात नाही. उठण्याची ताकद मात्र सगळ्यांची वाढली. वजनकाट्यावर ती दिसत नाही, म्हणून दारामागे कॅलेंडरवर आकडे लिहून ठेवत होतो.

सोबत पोहण्याचा तलाव. समुद्राआधी चार गोष्टी यायलाच हव्यात. पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, पाठीवर पाच मिनिटे तरंगणे, डोक्यावरून पाणी गेले तरी न घाबरता वर येणे, आणि पालथे असताना उभे राहणे. ही चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा माणूस पालथा पडला की पाय सापडत नाहीत आणि घाबरगुंडी उडते. गुडघे पोटाशी ओढा, दोन्ही तळवे पाण्यावर खाली दाबा, डोके वर करा, मग पाय टेका. एवढेही येत नसेल तर समुद्र यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी जा.

डॉक्टरांना कोणी भेटावे? जिना चढताना छातीत दुखते, दाबल्यासारखे वाटते किंवा भोवळ येते, त्यांनी ईसीजी आणि तपासणीशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. रक्तदाब १८०/११० किंवा त्यावर असेल तर आधी तो आटोक्यात आणा. फिट येत असतील, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नुकताच उपचार झाला असेल, गरोदर असाल, शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते, आणि ओल्या अंगाला सुटलेला घाम कळत नाही. पाण्यात जाण्याआधी साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच जा. शिकवणाऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी देऊन ठेवा आणि थरथर, धडधड, गोंधळ दिसला तर काय करायचे ते त्याला सांगा. ज्यांच्या तळपायांना बधिरता आहे त्यांनी अनवाणी जाऊ नये. शिंपले कापतात आणि कळत नाही. पाण्यात घालायचे रबरी बूट मिळतात, ते घ्या.

कपड्यांवर दोन शब्द, कारण निम्म्या बायका इथेच माघार घेतात. ओढणी, साडी, सैल सलवार पाण्यात नको, ती पायात अडकते, दोरीत गुंतते. पूर्ण बाह्यांचा घट्ट लायक्राचा सदरा आणि पायघोळ लेगिंग चालते, अंग झाकले जाते आणि फळीने पोट घासत नाही. आत घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा हवी, पालथे झोपताना छाती दुखते. मांड्या घासतात, तिथे आधी व्हॅसलिन लावा, पण तळपायाला आणि फळीला लागू देऊ नका, घसराल. गळ्यातले, कानातले काढून ठेवा. उडी मारताना, खोकताना लघवी सुटते म्हणून लाजणाऱ्या भगिनींना सांगतो, बाळंतपणानंतर हे फार जणींना होते. लघवी रोखतो तसा स्नायू आवळून पाच सेकंद धरायचा, सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. आणि समुद्रात तुम्ही भिजलेल्याच असता. मोबाइलवर चित्रण करू का, असे कोणी विचारले तर आधी तुम्ही हो म्हणायला हवे. न विचारता करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. जाड बाई पडताना पाहून हसणारे लोक कमी नाहीत.

पाण्यात गेल्यावर पहिले काही दिवस लाट फुटून पांढरा फेस झालेल्या भागातच राहायचे, कमरेएवढ्या पाण्यात. शिकवणारा फळी धरतो, फेस आला की ढकलतो. हात मारत खोल जाण्याची गरज नाही. फळी स्वतःच्या बाजूला धरा, नाक समुद्राकडे. लाट आणि तुमचे पोट यांच्या मध्ये फळी कधीही येऊ देऊ नका, लाट ती अंगावर फेकते. फळीची दोरी घोट्याला बांधतात, ती हाताला गुंडाळू नका, बोट तुटू शकते. पडायचे तर बूड किंवा पाठ टेकवत, सपाट, जणू खाटेवर अंग टाकले. डोक्यावर सूर कधीच नाही, पाणी उथळ असते आणि मान मोडते. वर येताना दोन्ही हातांनी डोके झाका, फळी कुठून येईल सांगता येत नाही.

फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो. अजाण माणूस तिथेच उतरतो. तो बहुधा परतीचा ओढा असतो, किनाऱ्यावर आलेले पाणी तिथून समुद्रात मागे जाते. त्यात सापडलात तर त्याच्याविरुद्ध हात मारू नका, दमून बुडाल. फळी सोडू नका, तीच तुमचा भोपळा. एक हात वर करून मदत मागा, आणि जमले तर किनाऱ्याला समांतर सरका. ओढा अरुंद असतो, बाजूला झाले की सुटता. लाल झेंडा असेल तेव्हा पाण्यात जायचे नाही, यावर चर्चा नाही. जून ते सप्टेंबर गोव्याचा समुद्र नवशिक्यांचा नव्हे.

एक धोका फार थोड्यांना माहीत आहे आणि तो बारीक लोकांनाही सोडत नाही, उलट बहुधा तरुण, सडपातळ नवशिक्यांमध्येच दिसला आहे. हवाईतल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये त्याची नोंद केली. फळीवर पालथे पडून छाती-मान उचललेल्या अवस्थेत फार वेळ राहिले की मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडू शकतो. कंबर-पाठीत अचानक कळ, मग पायात मुंग्या, बधिरता, अशक्तपणा, लघवी न होणे. असे वाटताच फळी सोडून बाहेर या आणि सरळ मोठे रुग्णालय गाठा, मालीश करत बसू नका. हे क्वचित होते, पण काही जणांचे पाय कायमचे गेले आहेत. टाळायला सोपे आहे. लाटेची वाट पालथे पडून बघू नका, फळीवर उठून बसा किंवा पाण्यात उभे राहा.

चार दिवसांत आमच्यातल्या दोघी उभ्या राहिल्या, पाच-सहा सेकंद. तिघी गुडघ्यांवर आल्या. एकीने शेवटपर्यंत पालथेच राहणे पसंत केले आणि सगळ्यांत लांब तीच गेली. आमच्या मते हे तिन्ही प्रकार पूर्ण आहेत. हवाईतही पोटावर झोपून चालवायच्या आखूड फळ्या जुन्या काळापासून आहेत आणि त्या काही शिकाऊंच्या समजल्या जात नाहीत.

पाण्यात एका वेळी तास पुरे, मध्ये दोनदा बाहेर या. जाण्याआधी दोन तास हलके खा, पोहे किंवा भाकरीचा तुकडा, आणि पाणी प्या. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना अंगातले पाणी लवकर कमी पडते. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, मधुमेह असेल तर तळपाय आरशात बघा. दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या ठणकतील, ते दोन-तीन दिवसांत जाते. गुडघा सुजला, किंवा जखम दोन दिवसांनी लाल आणि गरम झाली, तर वाट न बघता दवाखान्यात दाखवा.